उचल, पिशवी आणि दुसरा गुरुवार

केसपेपरवर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं : अंगदुखी, डोकेदुखी, अशक्तपणा, तिसरी खेप. मानसिक? शेवटच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. १४ जुलै २०२२, महिन्याचा दुसरा गुरुवार. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं आमचं पथक महिन्यातून एकदा त्या ग्रामीण रुग्णालयात बसतं आणि अशी प्रश्नचिन्हं आमच्या खोलीकडे पाठवली जातात. पथकात मी मनोविकृती सामाजिक कार्यकर्ती.

बाई ३३ वर्षांची, ऊसतोड मजूर. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली, सोबत जाऊ. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील मी इथे एकमेकांत मिसळले आहेत, घरचे आकडेही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवलाय.

ती बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मपलं डोकं निस्तं गच्च व्हतंय बघा मॅडम. हातापायाला मुंग्या येत्यात. अंगातून वाफा निघत्यात. रात्री दोनला डोळा उघडतो तो उघडतो." वाईट वाटतं का, रडू येतं का, या प्रश्नांना तिने मान हलवली, तीही जावेकडे बघून. आमच्याकडच्या बायका "मन उदास आहे" असं म्हणत नाहीत. त्या डोकं, कंबर आणि छाती यांच्याबद्दल बोलतात, आणि ऐकणाऱ्याला गोळी लिहायची घाई असेल तर गोष्ट कंबरेपाशीच संपते. आधीच्या दोन खेपांना ती वेदनाशामक आणि बी कॉम्प्लेक्स घेऊन घरी गेली होती.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची पट्टी. गुण जितके जास्त तितकं नैराश्य गंभीर. २७ पैकी तिचे १९ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी कधीच कागदावरून वाचत नाही. कागद बाजूला ठेवून विचारते.

"मराया काय झालंय," ती म्हणाली, "पर उचल कोण फेडील?"

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले आगाऊ पैसे. ते ऊस तोडून फेडायचे. आमच्या नोंदवहीत धोका वाढवणाऱ्या गोष्टींचा एक रकाना असतो आणि सावरणाऱ्या गोष्टींचा दुसरा. सावरणाऱ्यांत सहसा मुलं, देवधर्म, जवळची मैत्रीण असं काही येतं. त्या दिवशी 'उचल' हा शब्द मी दोन्ही रकान्यांत लिहिला. तेवढ्यावर थांबता येत नव्हतंच. तिचा आणि जावेचा शब्द घेतला, घरातली फवारणीची औषधं दिराच्या कुलपात ठेवायला सांगितली आणि पुढच्या गुरुवारची वाट न पाहता आठ दिवसांनी आशाताईंना घरी जायला लावलं.

दोन वाजताची जाग

रात्री दोनला जाग येणं आणि मग झोप न लागणं हे पुस्तकात नैराश्याचं ठळक लक्षण म्हणून दिलेलं आहे. मीही तसंच धरून चालले होते. दुसऱ्या भेटीत सहज विचारलं, बरोबर दोनच कशावरून? घड्याळ बघता?

"दोनला गाडी येती ना."

कुठली गाडी, ते कळायला मला क्षणभर लागला. फडावर, म्हणजे तोडीच्या शेतात, ऊस न्यायला येणारी गाडी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एकटं माणूस म्हणजे 'अर्धा कोयता', आणि असे दहा-पंधरा कोयते मिळून मुकादमाची टोळी. पहाटे चारपासून तोड, दिवसभर मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री कधीही आली की उठून डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढत ती भरायची. वयाच्या सतराव्या वर्षापासून सोळा हंगाम तिने हेच केलं होतं. जुलै महिना, घर स्वतःचं, गाडी यायचा प्रश्न नाही, तरी अंग दोनला उठतं.

त्यात अंगातून निघणाऱ्या वाफा. पाच वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती, म्हणजे गर्भाशय. सोबत अंडाशयंही गेली का, हे सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नव्हता. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं दिसली नाहीत. म्हणजे बहुधा अठ्ठाविसाव्या वर्षी, एका दुपारीत, पाळी जाण्याचं वय तिच्यावर येऊन आदळलं होतं. नैसर्गिकपणे पाळी जाते तेव्हा शरीराला काही वर्षं मिळतात, इथे एक दिवसही मिळाला नाही. गरम वाफा, रात्रीचा घाम, मोडलेली झोप, हाडांची झीज आणि मनाची घसरण या सगळ्याचा धोका अशा शस्त्रक्रियेनंतर वाढतो. हिमोग्लोबिन ८.६, म्हणजे रक्तही कमी.

तेव्हा दोन वाजता जाग येण्याला तीन कारणं : नैराश्य, संप्रेरकं आणि गाडी. यातलं खरं कोणतं, यावर आमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी माझा थोडा वाद झाला. माझ्या मते तिन्ही खरी होती. गोळी त्यातल्या एकावर चालणार होती, दुसऱ्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी लिहायची होती, आणि तिसऱ्यासाठी आमच्या औषधपेटीत काहीच नव्हतं.

पिशवी

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची चर्चा देशभर झाली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं.

तेव्हा बातम्यांतून एक सोपं वाक्य पसरलं : पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून बायका पिशव्या काढतात. खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दंड, जोडीला दिवसाला पाचशे किंवा जास्त. वाक्य खोटं नाही. पण ते ऐकलं की वाटतं, बाईने हिशेब करून, हिंडून-फिरून निर्णय घेतला. या बाईने असं काही ठरवलं नव्हतं. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर धरत होती. फडावर ना संडास, ना आडोसा. पाळीचं कापड धुवायचं तर उसाला सोडलेल्या पाटाच्या पाण्यात, आणि वाळवायचं कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, आत, अंधारात. जंतुसंसर्ग होणार नाही तर काय. हंगाम संपल्यावर गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात गेली. तिथे सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर तीन लेकरांची आई काय विचार करणार?

खर्च ३५,००० रुपये. ते आणले मुकादमाकडून, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. म्हणजे पिशवी काढायला जे पैसे लागले ते फेडायला ती पाच महिन्यांनी, टाके नीट भरले-न भरले तोवर, पुन्हा फडावर उभी राहिली. मोळी डोक्यावर.

"आतून पोकळ झाल्यावानी वाटतंय," हे ती तिसऱ्या भेटीत बोलली. "मालक काय म्हणत न्हाईत. पर मलाच वाटतंय, आता मी बाई कसली." हे वाक्य वहीत उतरवताना मला जाणवलं, की त्या समितीपुढे पोटदुखी, पाळी, पैसा आणि दवाखाने सगळं मोजलं गेलं. पिशवी गेल्याचं सुतक मात्र कुणी विचारलेलं नव्हतं. बाळ गेलं तर गाव भेटायला येतं. पिशवी गेली की आठव्या दिवशी भाकरी थापायची.

केसपेपरच्या पाठीमागे

ऑगस्टच्या गुरुवारी नवरा आला. राखीपौर्णिमेचा दिवस, त्यामुळे रुग्ण कमी आणि वेळ हाताशी. शांत माणूस, कंबरेला पट्टा. दारू "फडावर तेवढी, अंग मोकळं व्हायला". त्याने केसपेपर उलटा केला आणि माझं पेन मागितलं.

त्या वर्षीची उचल १,२०,०००. तोडीचा दर तेव्हा टनाला २७३ रुपये. चांगल्या दिवशी एका कोयत्याची तोड दोन टन, म्हणजे ५४६ रुपये, दोघांचे मिळून. १,२०,००० ला ५४६ ने भागलं तर २२० दिवस. आणि हंगाम सगळं धरून दीडशे दिवसांचा. एकही खाडा न पडता, एकही पोर आजारी न पडता दीडशे दिवस तोडलं तर ८१,९००. राहिले ३८,१००, ते पुढच्या वर्षीच्या उचलीत. किराणा निघतो तो वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून. आकड्याखाली त्याने एक रेघ मारली आणि पेन परत दिलं.

मी समाजकार्याच्या पदवीत 'ताणतणावाचे सामाजिक घटक' हा पेपर लिहिलाय, चांगले गुणही मिळाले होते. त्या पेपरात हे गणित नव्हतं. नैराश्यात माणसाला भविष्य बंद वाटतं, तो विचार विपर्यस्त असतो, तो हळूहळू तपासून पाहायला शिकवायचं, असं आमचं तंत्र आहे. पण इथे विपर्यास कुठे होता? भागाकार बरोबर होता. "पुढं काईच न्हाई" या तिच्या वाक्यातलं किती आजाराचं आणि किती अंकगणिताचं, हे वेगळं करणं हाच या केसमधला अवघड भाग होता. मला ते पूर्ण जमलं असं म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट. शेतकऱ्यांच्या मनःस्थितीसाठी राज्यात २०१५ पासून 'प्रेरणा प्रकल्प' आहे, समुपदेशन आहे, आशाताईंकडून घरोघर पाहणी आहे. हिच्या सासऱ्याच्या नावावर सव्वा एकर जिरायत. सातबारावर हिचं नाव नाही, वर्षातले सहा महिने गावात घराला कुलूप. पाहणी करणारी कुलपाला काय विचारणार? शेतकरी म्हणून ती मोजली जात नाही आणि कारखान्याच्या दप्तरी ती कामगार नाही. तिथे मुकादमाच्या नावापुढे कोयत्यांचा आकडा असतो.

काय केलं

औषध फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम. साधी, सरकारी दवाखान्यात मिळणारी गोळी. शरीरातून ती हळूहळू उतरते, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी लगेच त्रास होत नाही. फिरत्या माणसासाठी हा गुण मोठा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम. संप्रेरकांसाठी जिल्हा रुग्णालयात एक खेप झाली. दुसरीसाठी बसभाडं जमलं नाही.

बोलण्याच्या उपचारात मी नैराश्यातल्या माणसाला पुन्हा कृतीकडे वळवण्याची पद्धत वापरली. गोव्यात 'संगत' संस्थेने याच धर्तीवर 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम' बसवला. सहा ते आठ बैठका, आणि त्या घेणारे समुपदेशक डॉक्टर नसलेले, थोडं प्रशिक्षण घेतलेले साधे लोक. त्याची चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली तेव्हा आमच्यासारख्यांना जरा हायसं वाटलं होतं. पद्धत सोपी दिसते : पूर्वी काय करताना बरं वाटायचं ते शोधा, त्याचा लहानसा तुकडा रोज करा. पण "तुम्हाला काय आवडतं?" या प्रश्नाला ती हसली. असं कुणी विचारलं नव्हतं. जाऊच मधे बोलली, "वाकळ लई भारी शिवायची ही. गावातल्या बाळंतिणी हिच्याकडं यायच्या." वाकळ म्हणजे गोधडी. ऑपरेशनच्या सालापासून सुई हातात धरली नव्हती. ठरलं, रोज एक फेर. जमलं नाही तर अर्धा.

८ सप्टेंबरला गुण १२ वर आले. झोप साडेतीनपर्यंत. वाकळीचे चार फेर झाले होते, ते बोटांवर मोजून दाखवले. आणि उठता उठता ती म्हणाली, "पोरीला बघाया येणारेत."

मुलगी चौदा वर्षांची, आठवीत. दसऱ्यानंतर घर रिकामं होणार, वयात आलेली पोर ठेवायची कुणाच्या भरवशावर? फडावर न्यायची तर कोपीला दार नसतं. मग उरकून टाका. बालविवाहाला शहरातला माणूस अडाणीपणा म्हणतो. इथे तो कुलपाचा पर्याय म्हणून येतो. कायद्याने मला गप्प बसता येत नव्हतं आणि बसायचंही नव्हतं. ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्याला कळवणं एका फोनचं काम. पण तो फोन आधी केला असता तर ही बाई पुन्हा त्या खुर्चीत बसली नसती. मी नवऱ्याला बोलावलं. कायदा स्पष्ट सांगितला, लग्न पुढे रेटलं तर मी तक्रार करणार हेही सांगितलं, आणि मग शाळेच्या बाईंना गाठलं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं. जेवण तिथे, रात्री झोपायला मावशीच्या घरी, असा तोडगा निघाला. "धावी व्हवू द्या, मग बगू," असं बाप म्हणाला. मी ते लिहून घेतलं.

रजिस्टर

पुढचा गुरुवार १३ ऑक्टोबर. ५ तारखेला दसरा झाला, ८ तारखेला टोळी सांगली जिल्ह्याकडे निघून गेली. मी तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, नियमाने तेवढ्याच देतात. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'अनुपस्थित'. नोव्हेंबर, अनुपस्थित. डिसेंबरला आमच्याच कुणीतरी लाल पेनाने लिहिलं : उपचार सोडला.

हे लाल पेन मला अजून टोचतं. नैराश्य असलेल्या शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असं बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं. त्याची कारणं शोधताना पहिलं बोट आपण अज्ञानाकडे आणि दुसरं देवऋष्याकडे दाखवतो. ही बाई देवऋष्याकडेही जाऊन आली होती, खोटं कशाला सांगू, लिंबू उतरवून झालं होतं. पण गोळी तिने त्यामुळे सोडली नाही. गोळी संपली, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं तर एक खाडा. त्यातही तिथला केसपेपर नवा, डॉक्टर नवे, आणि "डोक्याची गोळी" मागायची तर टोळीतल्या चार बायकांसमोर. दसरा दरवर्षी येतो, टोळ्या दरवर्षी जातात. आख्ख्या जिल्ह्याला माहीत असलेली तारीख आमच्या उपचाराच्या आराखड्यात नव्हती. सप्टेंबरमध्ये मीच तिला 'पुढची तारीख १३ ऑक्टोबर' असं लिहून दिलं होतं. तीही मुकाट "व्हय" म्हणाली होती. मॅडमला नाही कसं म्हणायचं?

१३ एप्रिल २०२३ ला ती आली तेव्हा गुण २१. वजन पाच किलोने कमी. वाकळ फडावर नेली होती, तीन थरांपैकी दोनच झालेली, तशीच पांघरली. पोरीच्या काळजीने रात्री उठून फोनकडे बघत बसायची. फोन नवऱ्याचा.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. आधी विचारलं, कारखाना कुठला, तळ कुठे पडतो, टोळीत गावच्या किती बायका. औषधनिर्मात्यांशी दोन आठवडे घासाघीस करून साठ दिवसांच्या गोळ्या मिळवल्या. उरलेल्यांसाठी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी, त्यावर आजाराचं नाव न लिहिता फक्त औषध. फोन रात्री आठनंतर, नवऱ्याच्या नंबरवर, पंधरा दिवसांतून एकदा. मध्येच गरज पडली तर १४४१६, ही टेलिमानसची मोफत सेवा, मराठीत बोलता येतं. तो नंबर तिला लिहिता येत नव्हता, म्हणून नवऱ्याच्या फोनमध्ये 'ताई २' या नावाने घातला.

डिसेंबरात फोनवर आवाज बरा होता. जानेवारीत फोन फुटला, तीन आठवडे काही कळलं नाही. त्याच महिन्यात तोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ही बातमी नवऱ्याने मला दिली, नव्या फोनवरून. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "व्हय, पर आता उचल बी वाढंल."

११ एप्रिल २०२४. गुण ११. बरी झाली असं मी म्हणणार नाही, पण खुर्चीत टेकून बसली होती आणि जाऊ बरोबर नव्हती. मुलगी नववी पास होणार होती. गोळ्यांची उरलेली पाकिटं तिने प्लास्टिकच्या डब्यात आणली होती, कोपीत उंदीर कुरतडतात म्हणून. मी मोजल्या. घेतलेल्या आणि उरलेल्या मिळून सहा कमी भरत होत्या.

विचारलं तर थोडी घुटमळली. मग म्हणाली, "तिघींना दिल्या दोन-दोन. त्यांची बी डोकी गच्च व्हती."

अशा गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, दोन गोळ्यांनी काही होतही नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग मी रजिस्टर पुढे ओढलं, आणि त्या तिघी कुठल्या ते विचारलं. एक आष्टीकडची. दोघी जालन्याच्या, गावाचं नाव तिला आठवेना, पण मुकादमाचं नाव पाठ होतं.